गारठ्यातला वणवा



घरात कुणाचं मणक्याचं दुखणं वाढलं, डोक्याला मार लागला, की डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात. मग जिल्ह्याच्या गावी जायचं, नंबर लावायचा. आत सोडण्याआधी तिथली सिस्टर मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवायला लावते. कारण आत एक मोठं चुंबक असतं. बहुतेक ठिकाणी त्याची ताकद दीड टेस्ला असते. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं माप. पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वावर होकायंत्राची सुई फिरते, त्याच्या तीस हजार पटींहून ही ताकद जास्त. आणि हे चुंबक दिवसरात्र चालू असतं, आत पेशंट नसला तरी.

या चुंबकाच्या पोटात तारेची वेटोळी असतात आणि ती उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमने गार ठेवलेली असतात. आजचं भाषण त्या तारेच्या इतिहासाबद्दल आहे. बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं आम्हाला विचारलं गेलं. आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या. विज्ञानाची पदवी आमच्याकडे नाही. पण वाचता वाचता आमच्या लक्षात आलं, की योग्य धातू सापडल्यावरही ही तार अडली ती एका गोष्टीपायी. जराशी ऊब पडली, की आत वणवा पेटायचा. तो कसा समजला आणि कसा आवरला, हे आपल्यालाही कामाचं आहे.

सुरुवात नेदरलँड्समधल्या लायडन गावात होते. तिथल्या विद्यापीठात हाइके कामरलिंग ओनेस नावाचे प्राध्यापक होते. जगात जितकी म्हणून थंडी मिळवता येईल तितकी मिळवायची, हा त्यांचा ध्यास. त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. काचकाम करणारे आणि यंत्रं घडवणारे कारागीर तयार व्हावेत म्हणून १९०१ साली एक शाळा काढली. तिथली मुलं निळे अंगरखे घालून प्रयोगशाळेत राबायची. या हातांच्या बळावर १० जुलै १९०८ रोजी ओनेस यांनी हेलियम वायूचं पाणी केलं, म्हणजे तो द्रवरूप केला. त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं.

मग त्या गारठ्यात एकेक धातू ठेवून त्यातून वीज कशी वाहते, हे बघणं सुरू झालं. वीज वाहताना धातू तिला थोडा अडवतो, म्हणून तार तापते. आपल्या इस्त्रीत, गिझरमध्ये हेच घडतं. या अडवण्याला रोध म्हणतात. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याची पाळी होती. पारा घेतला, कारण तो उकळून उकळून अगदी शुद्ध करता येतो. उणे २६९ अंशांच्या आसपास पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. ओनेस यांनी वहीत डच भाषेत टिपलं, की पारा जवळजवळ शून्य. मोजमाप गिलेस होल्स्ट या तरुणाने घेतलं होतं आणि गारठ्याची यंत्रणा खेरित फ्लिम या तंत्रज्ञाने सांभाळली होती. शोधनिबंध मात्र एकट्या ओनेस यांच्या नावाने निघाला. १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

अशा धातूला अतिवाहक म्हणतात. त्याच्या कड्यात एकदा वीज सोडली, की ती न थकता फिरत राहते. तार तापत नाही, वीज वाया जात नाही. ओनेस यांनी लगेच पुढचं स्वप्न पाहिलं. शिशाच्या अतिवाहक तारेची वेटोळी करायची आणि दहा टेस्लाचं चुंबक बनवायचं. १९१३ साली शिकागोच्या परिषदेत त्यांनी हा बेत मांडलाही. पण प्रयोग केला तेव्हा कळलं, की चुंबकत्व टेस्लाच्या दहाव्या भागापर्यंत जायच्या आधीच शिसं आपला गुण सोडून साध्या तारेसारखं होतं. ज्या तारेने चुंबक करायचं, तिलाच चुंबकत्व सोसत नव्हतं. स्वप्न तिथेच थांबलं.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं हे कोडं उलगडण्यात गेली. अतिवाहक आणि चुंबकत्व यांचं नेमकं वैर काय? यात एका बाईचं नाव आम्हाला मुद्दाम घ्यायचं आहे. खेरट्रुइडा डी हास-लोरेंट्झ. प्रसिद्ध शास्त्रज्ञ लोरेंट्झ यांची ही मुलगी. तिने वडिलांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली होती. चुंबकत्व अतिवाहकाच्या पृष्ठभागातून किती खोल शिरू शकतं, हा प्रश्न तिने १९२५ साली एका लेखात मांडला. लेख डच भाषेत होता आणि तो फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. १९३३ साली बर्लिनमध्ये माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवलं, की अतिवाहक आपल्या पोटातलं चुंबकत्व बाहेर ढकलून देतो. १९३५ साली फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन या भावांनी त्याचं गणित मांडलं, आणि पृष्ठभागातली ती खोली आज त्या भावांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी बाई युक्रेनमधल्या खारकिव्हची. ओल्गा त्रापेझ्निकोवा. ती स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. तिचा नवरा लेव शुबनिकोव्हही भौतिकशास्त्रज्ञ. दोघं आधी लायडनमध्ये होते. परत आल्यावर खारकिव्हच्या संस्थेत त्यांनी गारठ्याच्या प्रयोगांचं काम उभं केलं. १९३४ साली लोह क्लोराइडवरचं त्यांचं संशोधन दोघांच्या नावाने छापून आलं. मग शुबनिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध धातू सोडून मिश्रधातू घेतले. शिशात थॅलियम किंवा इंडियम मिसळायचं आणि बघायचं. त्यांना दिसलं, की हे मिश्रधातू चुंबकत्वापुढे एकदम हार मानत नाहीत. एका मर्यादेपर्यंत ते त्याला बाहेर ठेवतात. नंतर थोडं थोडं आत घेतात, तरी अतिवाहक राहतात. अगदी मोठ्या चुंबकत्वालाच ते मोडतात. म्हणजे ओनेस यांचं स्वप्न मेलं नव्हतं, धातू वेगळा घ्यायला हवा होता.

पण हे काम छापून होतंय तोच १९३७ साल आलं. स्टालिनच्या राजवटीत खोट्या आरोपांवर माणसं उचलली जात होती. ऑगस्टमध्ये शुबनिकोव्हना पकडलं. ओल्गा तेव्हा गरोदर होती. १० नोव्हेंबर १९३७ रोजी शुबनिकोव्हना गोळ्या घालण्यात आल्या. वय छत्तीस. त्यांच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला तो १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्टालिन गेल्यानंतर. ओल्गाने मूल वाढवलं, लेनिनग्राडमध्ये भौतिकशास्त्राचं काम चालू ठेवलं आणि नव्वदी पार करून ती १९९७ साली गेली. इतिहासात नवऱ्याचं नाव पुढे टिकलं, त्यामागे तिच्यासारख्यांच्या आठवणी आहेत.

शुबनिकोव्हना जे दिसलं होतं त्याचा अर्थ १९५७ साली मॉस्कोच्या अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी लावला. चुंबकत्व आत शिरतं ते पाण्यासारखं पसरत नाही. ते बारीक बारीक रेषांच्या रूपाने शिरतं. प्रत्येक रेषेभोवती विजेचा एक इवला भोवरा फिरत असतो, आणि प्रत्येक रेषेतलं चुंबकत्व मोजून तेवढंच, ना जास्त ना कमी. चुंबकत्व वाढलं की रेषांची संख्या वाढते.

आता खरी अडचण इथे येते. तारेतून वीज वाहू लागली, की ती या रेषांना बाजूला ढकलते. रेष सरकली की उष्णता निघते. म्हणून रेषा जागच्या जागी धरून ठेवायला हव्यात. त्यासाठी धातूत मुद्दाम खोट ठेवतात. बारीक दोष, वेगळ्या पदार्थाचे कण. गोठ्यात गुरं खुंट्याला बांधावीत तशा रेषा या खुंट्यांना अडकून राहतात. अतिवाहकाच्या कामात अगदी निर्मळ धातू चालत नाही, थोडी खोट असलेलाच उपयोगी पडतो.

१९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुन्झ्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं, की नायोबियम आणि कथील यांचा संयुग ८.८ टेस्लाच्या चुंबकत्वातही भरपूर वीज वाहून नेतो. ओनेस यांचं दहा टेस्लाचं स्वप्न पुन्हा हाताशी आलं. जिकडेतिकडे वेटोळी गुंडाळायला सुरुवात झाली. पण तारेचा वीतभर तुकडा जेवढी वीज नेई, त्याच तारेचं मोठं वेटोळं केलं की त्याहून कितीतरी कमी विजेवर कोलमडायचं. एका क्षणात अतिवाहकपण जायचं आणि हेलियम उकळून वर उडायचं. तार तीच, मग घडतं काय?

घडत होतं ते असं. कुठेतरी चार रेषा खुंट्यावरून सुटतात. सरकताना थोडी उष्णता निघते. आता इतक्या गारठ्यात धातूला उष्णता पचवायची ताकदच नसते. तांब्याचं बघा. घरातल्या तापमानाला त्याचा तुकडा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या हजारो पटींनी कमी उष्णता तिथे पुरते. म्हणजे नखाएवढ्या उबेनेही जागा बरीच तापते. तापली की आसपासचे खुंटे ढिले होतात. आणखी रेषा सुटतात, आणखी उष्णता, आणखी खुंटे ढिले. डोंगरावर वाळल्या गवतात एक ठिणगी पडावी आणि बघता बघता डोंगर पेटावा, तसंच. शास्त्रज्ञ याला चुंबकीय रेषांची उडी म्हणतात.

आपल्या गटांत हे आपण पाहिलेलं आहे. एका घरात आजारपण येतं, एकीचा हप्ता चुकतो. रक्कम छोटीच असते. पण कुजबुज होते, दुसरी म्हणते मी तरी का भरू, तिसरी बचत मागायला येते. पहिल्या हप्त्याने गट बुडत नाही. त्याच्यामागून येणाऱ्या पळापळीने बुडतो.

वणव्यावर दोन उपाय निघाले. पहिला १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत स्टेक्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. अतिवाहक तारेला तांब्याची भरपूर सोबत द्यायची. तांबं काही अतिवाहक नाही, त्या गारठ्यातही त्याला थोडा रोध असतो. रोजच्या वाहण्यात त्याचं काहीच काम नाही, सगळी वीज शेजारचा अतिवाहक नेतो. पण अतिवाहक एखाद्या जागी डळमळला, तर वीज तेवढ्यापुरती तांब्यातून वळते. तांबं उष्णता पसरवून हेलियमच्या हवाली करतं. जागा गार होते, अतिवाहक सावरतो, वीज परत आपल्या वाटेला लागते.

दुसरा उपाय इंग्लंडमधल्या रदरफोर्ड प्रयोगशाळेत मार्टिन विल्सन, पीटर स्मिथ आणि त्यांच्या सोबत्यांनी पक्का केला. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९७० साली निघाला. तार जाड असली की वणव्याला पेटायला रान मोठं मिळतं. म्हणून एका जाड तारेऐवजी केसाहून बारीक असे शेकडो, हजारो तंतू करायचे आणि प्रत्येकाभोवती तांबं ठेवायचं. वनखातं डोंगरावर जाळरेषा काढून गवताचे पट्टे वेगळे करतं, तेच हे. एका तंतूत पेट घ्यायला पुरेसं गवतच उरत नाही.

पण यातही एक मेख होती. तंतू नुसते शेजारी शेजारी सरळ ठेवले, तर बदलत्या चुंबकत्वात ते मधल्या तांब्यातून आपापसात जोडले जातात आणि सगळे मिळून पुन्हा एकाच जाड तारेसारखे वागतात. दिसायला हजार, वागायला एक. त्यावर त्यांनी तार पिळली, काथ्याच्या दोरीला पीळ देतात तशी. पीळ दिला की ही आतली जोडणी तुटते आणि प्रत्येक तंतू खरोखर वेगळा राहतो. आम्हाला हे वाचून गावातले पाच गट आठवले. रजिस्टरवर पाच, पण सगळ्यांचा पैसा एकाच पिकात. बाजार पडला की पाचही एका दिवशी खाली.

तांबं, बारीक तंतू आणि पीळ, या तिन्हींच्या जोरावर तार उभी राहिली. बहुतेक एमआरआय यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमचे तंतू तांब्यात बसवलेली तार असते. युरोपात सर्न या संस्थेच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात १२३२ मोठी वळणचुंबकं आहेत, ८.३ टेस्लाची. त्यांच्या तारेतले तंतू सहा-सात मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके. आणि एक योगायोग बघा. २००३ साली अब्रिकोसोव्ह यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना एमआरआयसाठी वैद्यकशास्त्राचं. शुबनिकोव्ह हयात असते तर एकशे दोन वर्षांचे असते.

गोष्ट इथे संपली असती. पण वणवा पुन्हा पेटला, या वेळी पापुद्र्यात. संवेदक आणि बारीक विद्युत मंडलं यांसाठी अतिवाहकाचे पातळ पापुद्रे वापरतात. त्यांची जाडी मायक्रॉनच्याही आतली असते. पापुद्रा चपटा असल्याने चुंबकत्व त्याच्या कडेला गोळा होतं आणि तिथून आत घुसतं.

हे घुसणं डोळ्यांनी बघता येतं. चुंबकत्वामुळे प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळते, हे फॅरेडे यांनी १८४५ साली दाखवलं होतं. त्याचाच उपयोग करून पापुद्र्यावर गार्नेट स्फटिकाचा थर असलेली चकती ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. चुंबकत्व जिथे शिरलं तिथे उजेड दिसतो, नाही तिथे अंधार. १९६७ साली वर्थायमर आणि गिलख्रिस्ट यांनी नायोबियमच्या चकत्यांत फांद्या फुटल्यासारखी घुसखोरी पाहिली. १९९३ साली जर्मनीतल्या कॉन्स्टान्झमध्ये लायडरर यांच्या गटाने नव्या प्रकारच्या अतिवाहक पापुद्र्यावर लेझरचा ठिपका मारून हाच वणवा मुद्दाम पेटवून दाखवला. आकाशात वीज चमकावी, झाडाच्या फांद्या पसराव्यात, तशी नक्षी. वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर. प्रयोग तसाच पुन्हा केला तरी नक्षी दर वेळी वेगळी.

२००१ साली जपानच्या जुन अकिमित्सु यांच्या गटाने जाहीर केलं, की मॅग्नेशियम डायबोराइड उणे २३४ अंशांना अतिवाहक होतं. हा पदार्थ प्रयोगशाळांच्या कपाटांत १९५०च्या दशकापासून पडून होता, कुणी तसा तपासला नव्हता. स्वस्त आणि सोपा, म्हणून सगळे त्याच्या पापुद्र्यांकडे वळले. नॉर्वेच्या ऑस्लो विद्यापीठात योहान्सन यांच्या गटाने पाहिलं, की उणे २६३ अंशांखाली या पापुद्र्यांत तीच फांद्यांची नक्षी उठते आणि पापुद्र्याची वीज वाहून न्यायची ताकद घटते. अधिक गारठा म्हणजे अधिक सुरक्षित, असा हिशेब इथे चालत नाही. जितकं गार, तितकी उष्णता पचवायची ताकद कमी, आणि ठिणगीला तितकं सोपं.

आणि उपाय? पुन्हा तोच. पापुद्र्याला अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवला, तर फांद्या उठेनाशा झाल्या. दक्षिण कोरिया आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी सोन्याचा मुलामा देऊनही हेच दाखवलं. रेषा धावू लागल्या की शेजारच्या साध्या धातूत उलटे प्रवाह उठतात आणि त्यांना लगाम घालतात. धातू थोडीफार उष्णताही वाटून घेतो. २००६च्या सुमारास ऑस्लोच्या गटाने याचं गणितही मांडलं, की किती गारठ्यात, किती रुंद पट्टीत, किती चुंबकत्वाला वणवा पेटेल. पट्टी अरुंद ठेवली तर तो पेटतच नाही, असं त्यातून निघालं. म्हणजे तारेला लागू पडलेलं शहाणपण पापुद्र्यालाही लागू पडलं.

मैत्रिणींनो, या शंभर वर्षांच्या गोष्टीत शून्य रोधाचा शोध एका दिवसात लागला. त्या शोधाला कामाला लावायला पन्नास वर्षं गेली, आणि शेवटचा टप्पा गेला तो छोटी चूक मोठी का होते हे समजून घेण्यात. धातू बिघडूच नये, असा हट्ट धरणाऱ्यांना यश आलं नाही. बिघडणार आहे हे धरून चालले, आणि बिघाड जिथल्या तिथे विझेल अशी रचना ज्यांनी केली, त्यांची तार टिकली.

आपल्या पुढच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की दोन प्रश्न विचारून बघा. आपल्या गटात तांब्याचं काम कोण करतं, म्हणजे अडीअडचणीच्या निधीत खरंच किती रक्कम आहे आणि ती मागितल्यापासून किती दिवसांत मिळते? आणि आपल्या दहा-पंधरा जणींची मिळकत वेगवेगळी आहे, की दिसायला पंधरा आणि वागायला एक? उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. ज्या मुलींना विज्ञान शिकायचं आहे, त्यांना खेरट्रुइडा आणि ओल्गा ही दोन नावं जरूर सांगा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.